नथीवरचा फोकस

पुतणीच्या साखरपुड्यात मी हौसेने १४० फोटो काढले. हातात ८५ मिलिमीटरची नवी लेन्स, ॲपर्चर उघडेल तेवढं उघडलेलं, एफ १.८. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. रात्री संगणकावर मोठं करून पाहिलं, तर नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा इतका लख्ख, आणि डोळे मात्र जागरण झाल्यासारखे धुरकट. नव्वदेक फोटोंची हीच तऱ्हा. उरलेल्यांपैकी बऱ्याच फोटोंत कानशिलावरची बट काय ती स्पष्ट होती.

नाशिकला एक स्टुडिओवाले आहेत, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. फिल्मच्या काळापासून याच धंद्यात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आठ-दहा फोटो पाहिले आणि म्हणाले, "सराफाला विका. नथीची जाहिरात म्हणून एक नंबर आहेत." मग जरा थांबून, "शनिवार-रविवार येवल्याच्या एका पैठणीवाल्यांचं कॅटलॉग आहे. या. कोपऱ्यात बसा, मध्ये बोलू नका. थर्माकोल धरायला सांगितला तर धरा."

स्टुडिओ म्हणजे पहिल्या मजल्यावरचा १८ फूट बाय १२ फुटांचा हॉल. खिडक्यांना काळं कापड, कोपऱ्यात पिवळट पडलेले थर्माकोलचे मोठे ताव, हवेत हेअर स्प्रेचा आणि वाफेच्या इस्त्रीचा वास. दोन दिवसांत २२ साड्या उरकायच्या होत्या. मॉडेल कॉलेजात शिकणारी, उंच, सावळी मुलगी. तिचा मेकअप आणि पहिली साडी नेसवणं यात दीड तास गेला. तेवढ्यात अण्णांनी माझी शाळा घेतली.

स्टुलावर मदतनीस पोराला बसवलं, त्याच्या डोळ्यापासून माझ्या कॅमेऱ्यापर्यंत टेप धरली. दीड मीटर. एवढ्या अंतरावर ८५ची लेन्स एफ १.८ला ठेवली तर जेवढ्या खोलीतलं नीट दिसतं, ती पट्टी साधारण सव्वातीन सेंटिमीटरची. डोळ्याच्या पुढे दीड-पावणेदोन, मागे तेवढीच. आणि नथ असते डोळ्याच्या दोनेक सेंटिमीटर पुढे. कॅमेऱ्याचा ऑटोफोकस जिथे उजेड-काळोखाची कड सगळ्यात तीव्र तिथे जाऊन चिकटतो. पांढरे मोती, लाल खडा, सोन्याची तार असं सगळं एका जागी मांडून ठेवल्यावर तो बिचारा पापण्यांकडे कशाला जाईल?

बटेचं कारण वेगळं निघालं, आणि त्यात दोष पूर्ण माझा होता. मी मधला चौकोन डोळ्यावर धरून बटण अर्धं दाबायचो आणि मग चेहरा फोटोच्या एका बाजूला यावा म्हणून कॅमेरा फिरवायचो. अण्णांनी जमिनीवर खडूने रेघा मारून दाखवलं. कॅमेरा दहा अंश फिरवला की फोकसची सपाट भिंतही त्याच्याबरोबर फिरते आणि दीड मीटरवर ती डोळ्याच्या सव्वादोन सेंटिमीटर मागे जाऊन पडते. म्हणजे कानशिलावर. अकरावीत त्रिकोणमिती शिकताना कोसाइनचा उपयोग काय म्हणून मी मास्तरांना विचारलं होतं. उत्तर मिळायला इतकी वर्षं लागली.

अण्णांचा स्वतःचा कॅमेरा नव्या धर्तीचा आहे, तो डोळा ओळखून त्यावर आपणहून चौकोन बसवतो. तरी ते त्याच्यावर पाळत ठेवतात. मुलगी पदराकडे खाली पाहू लागली, किंवा मान वळवली, की चौकोन टुणकन पलीकडच्या डोळ्यावर जातो. कॅमेऱ्याला जवळचा डोळा धूसर आणि लांबचा स्पष्ट, असा चेहरा बघणाऱ्याला बेचैन करतो. काय चुकलं ते मात्र त्याला सांगता येत नाही. शिवाय ते एफ १.८च्या वाटेलाच जात नाहीत. जवळच्या चेहऱ्याला एफ ५.६, म्हणजे दहाएक सेंटिमीटरची पट्टी, नथीपासून कानशिलापर्यंत सगळं आत. पूर्ण साडीला एफ ८. "मागचं धूसर पाहिजे तर पोरीला भिंतीपासून पुढे घ्या," ते म्हणाले. "लेन्सला कशाला कामाला लावता?"

पहिली साडी डाळिंबी. दिवा एकच, पाच फूट व्यासाची अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, मुलीपासून चार फुटांवर, जरा वर, डाव्या अंगाला. मागचा पडदा दिव्यापासून आठ फुटांवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून पांढरा पडदा फोटोत आपोआप राखाडी आला. पोराने दोन चाचणीचे फोटो काढले. मुलीचा चेहरा चांगला दिसत होता. पण पदरावरचे मोर काळपट तपकिरी, जरीवर चहा सांडल्यासारखे.

मला वाटलं उजेड कमी पडला. अण्णांनी दिव्याला हातसुद्धा लावला नाही. ते पदराच्या उंचीला खाली वाकले, मान तिरकी केली आणि जरीच्या जागी जाऊन खोलीकडे पाहू लागले. "जरीला उजेड लागत नाही," ते म्हणाले, "तिला समोर काय दिसतं ते लागतं. तिला आत्ता खिडकीचं काळं कापड दिसतंय." जरी म्हणजे शेवटी धातू, बारीक बारीक आरसा. आरशावर कितीही प्रकाश टाका, त्यात समोरची वस्तूच दिसणार. मला थर्माकोल धरून मुलीच्या उजव्या हाताला उभं केलं. "अजून पुढे. आता वरची कड आत झुकवा. बस." मी पांढरा ताव घेऊन तिथे उभा राहिलो आणि पदरावरचे सगळे मोर एकदम सोन्याचे झाले. दिवा तोच, ताकद तीच. पुढे दोन दिवस मी जवळजवळ तेवढंच काम केलं आणि मला ते कंटाळवाणं वाटलं नाही.

दुपारी याच तत्त्वाचा दुसरा अध्याय झाला. मेकअपवाल्या ताईंनी मुलीच्या कपाळावर, गालांवर पावडर चढवून सगळी चकाकी मारून टाकली होती. अण्णा म्हणाले, "ताई, गालाच्या हाडावरची थोडी पुसा." ताई नाराज झाल्या. "तेलकट दिसेल हो." पुसली. आणि चेहऱ्याला एकदम उठाव आला. गोऱ्या त्वचेवर आकार कळतो तो उजेडातून सावलीत जाणाऱ्या छटांमुळे. सावळ्या त्वचेवर त्या छटा दबलेल्या असतात. तिथे गालाचं हाड, नाकाचा दांडा, ओठाची वरची कड हे सगळं त्वचेवर उमटलेल्या प्रतिबिंबाने दिसतं. म्हणून दिवा मोठा आणि जवळ हवा. त्याचं प्रतिबिंब रुंद आणि मऊ पडतं, ठिपक्यासारखं टोचत नाही. पावडरने ते प्रतिबिंबच पुसलं की चेहरा सपाट होतो. मग फोटोग्राफर घाबरून एक्स्पोजर वाढवतो, आणि सावळा रंग उजळ न होता राखेसारखा होतो. लग्नाच्या अल्बमांत हा राखी रंग मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. त्याचं कारण आता कळलं.

मीटरचीही यात भर असते. कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत आलेला उजेड मोजतो आणि जग सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेसमोर धरला तर त्याला वाटतं अंधार आहे. तो साडी राखाडी करून ठेवतो आणि वर चेहरा जाळतो. अण्णा हातातला फ्लॅशमीटर मुलीच्या हनुवटीखाली, पांढरी घुमटी दिव्याकडे करून धरतात. तो पडणारा उजेड मोजतो. साडी काळी की पांढरी, मुलगी गोरी की सावळी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक प्रयोगशाळांना नमुन्याची कार्डं देत असे. त्यांवरची बाई कित्येक दशकं गोरीच होती, तिला 'शर्ली' म्हणत. साऱ्या जगाचे चेहरे त्या शर्लीला जुळवले जात होते. त्यामानाने हनुवटीखालची ही प्लास्टिकची घुमटी फारच न्यायी.

एका साडीने मात्र आम्हाला तासभर छळलं. बारीक विणीची, आणि फोटोत तिच्यावर इंद्रधनुष्यी लाटा उठत होत्या. विणीच्या रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे ठिपके जवळजवळ एकाच मापाचे पडले की दोघांच्या भांडणातून या लाटा उठतात. त्यांना मोअरे म्हणतात. अण्णा अर्धा फूट मागे सरकले. लाटा गेल्या, मग अंगावरच्या बुट्ट्यांवर उगवल्या. अजून चार इंच. शेवटी मुलगीच म्हणाली, "अण्णा, मीच सरकू का?"

रिटचिंगची खोली मागे. तिथे एक मुलगा पेन-टॅबलेट घेऊन बसतो. त्याच्या टेबलाशेजारी, आता स्टॅपलर आणि पावतीपुस्तकं ठेवायला, उतरत्या लाकडी चौकटीचं एक जुनं घडवंचीसारखं काहीतरी आहे. मधे दुधी काच, खाली आरसा. हे अण्णांच्या वडिलांचं रिटचिंगचं डेस्क. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, आरशाने खालून उजेड घ्यायचा, निगेटिव्हला पातळ वॉर्निश लावायचं म्हणजे ती पेन्सिल धरते. सुरकुती छपाईत काळी येते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक असते. तिथे सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढे फटकारे भरायचे. जास्त भरलं तर चेहऱ्यावर पांढरा व्रण. उलटं काम, निगेटिव्हवरचं काळं कमी करायचं, तर पात्याने खरवडायचं, आणि तिथे चुकलं की निगेटिव्ह गेलीच. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगलने १८५५मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या प्रती मांडल्या होत्या. म्हणजे 'पूर्वीचे फोटो खरे असायचे' ही आपली समजूत फोटोग्राफीच्या बालपणापासूनच खोटी आहे.

टेबलावरच्या मुलाचा नियम मला आवडला. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढायचं, जे राहणार आहे ते ठेवायचं. मुरुम जातो, तीळ राहतो. डोळ्याखालचं काळं निम्मं कमी करायचं, पूर्ण काढलं की माणूस मेणाचा. तो त्वचेचा पोत आणि रंग दोन वेगळ्या थरांत काढतो आणि डाग रंगाच्या थरात सारखे करतो, म्हणजे वरची छिद्रं जागच्या जागी राहतात. एका फोटोला वीस मिनिटं. फोनमधला गुळगुळीत करणारा फिल्टर हे काम क्षणात उरकतो, कारण तो पोत आणि रंग दोन्ही एकदम चोळून टाकतो.

कंबर मात्र तो बारीक करत नाही. तत्त्व वगैरे काही नाही. एकदा केली होती. कमरेवरून जाणारा नारळी काठ त्या जागी पाण्यात पाहिल्यासारखा लचकला आणि दुकानदाराने फोनवरच पकडलं. फ्रान्सने २०१७मध्ये मॉडेलचा बांधा संगणकावर बदलला असेल तर जाहिरातीत तसं छापणं सक्तीचं केलं. पैठणीला कायद्याची गरज नाही. सरळ विणलेला काठ आपणहून साक्ष देतो.

रविवारी संध्याकाळी पैठणीवाले शेठ आले. चहा झाला, फोटो पाहिले, खूश झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अण्णा, पोरगी जरा उजळ करता येईल का? तसं काही नाही, पण गिऱ्हाईक..."

मुलगी आत नथ काढत होती. तिच्या कानावर गेलं की नाही, मला कळलं नाही. अण्णांनी वाद घातला नाही. रिटचिंगवाल्या मुलाला म्हणाले, "शेठना करून दाखव." त्याने नारिंगी रंगाची उजळी वाढवली. माणसाची त्वचा, कोणत्याही वर्णाची असो, रंगचक्रावर नारिंगीच्या आसपासच असते. जरही तिथेच असते. चेहरा उजळला, आणि पदरावरचे मोर गवताच्या काडीच्या रंगाचे झाले. मुलाने मग मास्क करून चेहरा आणि हात वेगळे काढले. जर परत आली, पण गालावरची ती मऊ चमक बुजून तिथे प्लास्टरसारखा थर दिसू लागला. शेठ बराच वेळ पाहत राहिले. "राहू द्या," म्हणाले. "जरीची मजा गेली." जरीचीच गेली असं त्यांना का वाटलं, कुणास ठाऊक, मास्क केल्यावर जर तर जशीच्या तशी होती. पण कुणी दुरुस्त केलं नाही.

एकच तक्रार उरली. मोरपंखी साडीचा रंग त्यांच्या फोनवर निळा दिसत होता. अण्णांनी आपला फोन शेजारी धरला, त्यावर हिरवा. पोराच्या फोनवर दोन्हींच्या मधला. शेठ म्हणाले, "खरा कुठला?" अण्णांनी घडी घातलेली साडी उचलली आणि जिन्याच्या दारात नेली. बाहेर उतरतं ऊन होतं. उभा धागा निळा, आडवा हिरवा. अण्णांनी पदर उन्हात धरून हळूच कलता केला. निळी साडी हिरवी झाली. परत फिरवला. निळी.

"सांगा," अण्णा म्हणाले, "कुठला छापू?"

शेठनी साडी हातात घेतली, दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिली आणि जिन्यातच बसून तिची घडी घालू लागले.