छत्तिसाव्या दिवसानंतरचा बाप

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. छत्तिसाव्या दिवशी माणूस बॅग उचलून घराकडे निघतो आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. केंद्रात सकाळच्या व्यायामापासून रात्रीच्या निजण्यापर्यंत सगळं आखून दिलेलं. घरी असं काहीच नाही. घरी असते बायको, जिने मधली वर्षं आई आणि बाप दोन्ही होऊन संसार रेटला. आणि असतं सात-आठ वर्षांचं पोर, जे शाळेच्या सहलीची परवानगी मागायला बापासमोरून सरळ आईकडे जातं.

व्यसन सोडल्यावर बापपण आपोआप परत येईल, असं सगळेच धरून चालतात. ते तसं येत नाही. दारूच्या बाबतीत हे खरं आहेच, पण गर्द म्हणजेच ब्राऊन शुगर किंवा वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनांसारख्या अफूच्या जातकुळीतल्या नशेत ते जास्तच खरं आहे.

ही जातकुळी आधी नीट ओळखायला हवी, कारण आपल्याकडे ‘ड्रग्ज’ म्हटलं की सगळं एकाच गोणीत भरलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून जो प्रचंड साठा पकडला, तो मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’चा. ती उत्तेजक नशा आहे, अफूशी तिचा संबंध नाही. अफूच्या घराण्यात येतात ते अफू, हेरॉइन, मॉर्फिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या गोळ्या. ट्रामाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तोवर त्यावर एवढा कडक पहारा नव्हता. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातले सुमारे २.१ टक्के लोक, म्हणजे दोन कोटींहून जास्त माणसं, या घराण्यातलं काही ना काही घेतात. उपचाराची गरज असलेले ७७ लाख. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे.

महाराष्ट्राला हा धक्का पहिल्यांदा बसला तो ऐंशीच्या दशकात. मुंबई-पुण्यात गर्द आली आणि कॉलेजातली पोरं ‘गर्दुल्ले’ झाली. अनिल अवचटांनी त्यांच्यात मिसळून लिहिलं, त्यातून ‘गर्द’ हे पुस्तक झालं. ते लिखाण वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी पैशाची मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी घालून दिलेले दोन पायंडे आजच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. एक म्हणजे बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक म्हणून कामाला लागायचे. दुसरा म्हणजे घरच्यांनाही उपचारात ओढायचं. बायकांसाठीचा ‘सहचरी’ गट त्यातलाच. आता केंद्राची धुरा त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर सांभाळते.

गर्द सोडणाऱ्यांच्या बोलीत अंगातून नशा उतरतानाच्या यातनांना ‘टर्की’ म्हणतात. नाक गळतं, जांभया येतात, हाडं ठणकतात, पोट सुटतं, डोळ्याला डोळा लागत नाही. आठ-दहा दिवसांत ही टर्की उतरते. लोकांना वाटतं सुटला एकदाचा. पण झोपेची मोडतोड, चिडचिड आणि कशातच गोडी न वाटणं हे पुढे कित्येक महिने चालू राहतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याबद्दल एक चटका लावणारी गोष्ट मांडली. अफूजन्य नशेच्या आहारी गेलेल्या स्त्री-पुरुषांना त्यांनी बाळांचे गोंडस फोटो दाखवले आणि मेंदूचं स्कॅन केलं. एरवी बाळ पाहून मेंदूचा जो भाग उजळतो, तो या मंडळींत मंद होता. नाल्ट्रेक्सोन या औषधाच्या उपचारानंतर तो बराचसा पूर्ववत झाला. म्हणजे ‘पोराकडे ढुंकून बघत नाही’ हे जे बायको सांगते, त्यामागे निव्वळ बेफिकिरी नसते. अर्थात हे कळल्याने पोराचं दुःख कमी होत नाही.

घरी परतलेला बाप साधारण दोन चुका करतो. पहिली भरपाईची. अपराधीपणाने तो सायकलचं, टॅबचं, जेजुरीला नेण्याचं कबूल करतो. पैसे असतात बायकोच्या हातात, आणि ते तसेच असावेत असं समुपदेशकांनीच सांगितलेलं असतं. सायकल येत नाही. पोराच्या हिशेबात बापाचं आणखी एक खोटं जमा होतं. दुसरी चूक याच्या उलट. आपण आता शुद्धीवर आलो म्हणजे घराचा कारभारी झालो, असं समजून तो पहिल्याच आठवड्यात शिस्त लावायला निघतो. टीव्ही बंद कर, अभ्यासाला बस, आईला उलट बोलू नकोस. ज्या माणसाचे खिसे पोराने आईबरोबर तपासलेले असतात, त्याचं ते का ऐकेल?

बापपण शिकवता येतं का? येतं, पण जपून. अमेरिकेत सिएटलमध्ये रिचर्ड कॅटलॅनो आणि सहकाऱ्यांनी मेथाडोन या पर्यायी औषधावर असलेल्या आईबापांसाठी तीसहून जास्त सत्रांचा एक कार्यक्रम केला आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. वर्षभराने पालकांची समज वाढली होती, हेरॉइनचा वापरही घटला होता. मुलांच्या वागण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. हा निकाल निराशेचा वाटेल, पण प्रस्तुत लेखकाला तो प्रामाणिक वाटतो. मुलं वर्षभरात विश्वास टाकत नसतील, तर त्यांना तेवढं कारण मिळालेलं असतं. पुढे ऑस्ट्रेलियात शॅरन डॉ आणि पॉल हार्नेट यांनी मेथाडोनवरच्या पालकांच्या घरी जाऊन असंच काम केलं आणि त्याचा चांगला परिणाम दाखवला. या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन मात्र आयांवर झालेलं आहे. बाप म्हणजे घरातून दूर ठेवायचा धोका, अशीच त्याची नोंद होत आली.

आता हे सगळं कामथडीच्या माणसाला कसं मिळायचं? कामथडी भोर तालुक्यात, पुणे-सातारा महामार्गालगत. पुणं तसं जवळ, पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण येरवड्याला जायचं तर आधी स्वारगेट, मग शहरातली बस, आणि जाऊन-येऊन दिवस मोडतो. शिरवळ किंवा खेड-शिवापूरच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्याला दर आठवड्याला खाडा परवडत नाही. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, त्याच्या आतल्या गावांचं तर विचारूच नका. त्यात लाज. दारूबद्दल गाव कट्ट्यावर बोलतं. ‘पावडर’ म्हटलं की पोलीस आणि सोयरीक मोडण्याची भीती. स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनीला, थोड्या साठ्याच्या बाबतीत, कायद्याच्या ‘६४ ए’ कलमाखाली खटल्यापासून संरक्षण आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

म्हणून मोबाइल. करोनाच्या काळात समुपदेशन आणि व्यसनमुक्तांच्या बैठका फोनवर आणि व्हिडिओवर गेल्या. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि ऑक्सफर्ड-केपटाऊनच्या संशोधकांच्या पालकत्व उपक्रमाने आपले धडे साध्या पानांत उतरवून शंभरावर भाषांत वाटले. पुढे त्यांनी व्हॉट्सॲपवरचे गट आणि आपोआप संदेश पाठवणारी सेवाही उभी केली. त्यातला पहिला धडा अगदी साधा आहे: रोज प्रत्येक मुलासाठी वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत काय करायचं ते मुलाने ठरवायचं.

कल्पना करा, शिरवळच्या कंपनीत आज दुसरी पाळी नसलेला एक बाप रात्री नऊला टेम्पोच्या केबिनमध्ये बसला आहे. घरात दोनच खोल्या, म्हणून केबिन. कानात हेडफोन, व्हिडिओ बंद, पडद्यावर फक्त पहिलं नाव. समोर सहा-सात बाप आणि एक समुपदेशक, जो स्वतः पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेला. आठवड्याचा गृहपाठ होता वीस मिनिटांचा. हा सांगतो, ‘पोरगी म्हणाली, तू नुसता बस, मी चित्र काढते. बसलो. ती काही बोललीच नाही.’ समुपदेशक विचारतो, ‘किती दिवस बसलास?’ ‘चार.’ ‘पाचव्या दिवशी?’ ‘पाळी बदलली, उशीर झाला.’ ‘तिला कळवलंस?’ इथे केबिनमध्ये शांतता. पुढच्या आठवड्याचा गृहपाठ तिथेच ठरतो: उशीर होणार असेल तर आधी फोन करायचा. सायकलीपेक्षा हा फोन पोरीला जास्त उपयोगाचा, कारण तिने आजवर उशिराचा अर्थ एकच शिकलेला आहे.

ऑनलाइन गटाची खरी ताकद इथे आहे. बापपणाची परीक्षा केंद्राच्या ऑफिसच्या वेळेत होत नाही. ती संध्याकाळी सात ते अकरामध्ये होते, जेव्हा पोरं दमलेली, स्वयंपाक व्हायचा असतो आणि बापाच्या अंगात बेचैनी चढत असते. व्यसनमुक्तांच्या बैठकांत ‘फक्त आजचा दिवस’ हे वाक्य सतत येतं. बापाला तेच वाक्य ‘फक्त आजची संध्याकाळ’ इतकं लहान करून घ्यावं लागतं.

मात्र मोबाइलचे गोडवे फार गाऊ नयेत. ज्या फोनवर मीटिंग, त्याच फोनमध्ये माल देणाऱ्याचा नंबर असतो आणि पैसे पाठवायची सोयही. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच आणि तो पोराच्या अभ्यासालाही लागतो. व्हिडिओवर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात का ते दिसत नाही, बाप केबिनमधून कुठे गेला तेही दिसत नाही. शिवाय निव्वळ ॲपवर भरवसा ठेवणाऱ्यांनी ‘रिसेट-ओ’ची गोष्ट आठवावी. अफूजन्य व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्य केलेलं हे ॲप, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं. ते बनवणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

औषधाचं तर ऑनलाइन जमतच नाही. गर्दच्या ओढीवर ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी चांगली लागू पडते. देशाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ती इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना दिली जाते, आणि २०१२ पासून मेथाडोनही आलं आहे. पण मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत अमली पदार्थांच्या कायद्यात मोडणारी औषधं व्हिडिओवरून लिहून द्यायला मनाई आहे. त्यासाठी केंद्रावर जावंच लागतं. गावात लोक या गोळीलाही ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणतात, आणि सासरेबुवा गोळ्या फेकून द्यायला सांगतात. ते धोक्याचं आहे. गोळी अचानक तुटली की माणूस पुन्हा गर्दकडे वळण्याची शक्यता वाढते. मधल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते, त्यामुळे जुन्या मापाने घेतलेली मात्रा जीव घेऊ शकते.

याच गोळीबद्दल बापाला पहिल्या दिवशी सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे. मोठ्याला सावरणारी एक गोळी लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. शर्टाचा खिसा, डब्याची पिशवी, देवळीतली वाटी या जागा चालत नाहीत. कुलपाचा डबा लागतो आणि किल्ली बायकोकडे. मुलाने चुकून तोंडात घातलीच, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

मुलांना काय सांगायचं, यावर गटांत सगळ्यात जास्त वेळ जातो. ‘बाबा कामाला गेला होता’ ही थाप फार टिकत नाही; शाळेत कोणीतरी सांगतंच. लहान मुलाला एवढं पुरतं की बाबा आजारी होता, औषध घेतोय, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. शेवटचं वाक्य वगळायचं नाही, कारण मुलं दोष स्वतःकडे घेतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पदार्थाचं नाव सांगितलेलं बरं. मोठ्या मुलाचा राग निमूट ऐकून घ्यायचा, खुलासे देत बसायचं नाही. तुषार नातू यांनी आपल्या गर्दच्या व्यसनाची कहाणी ‘नशायात्रा’ नावाने समाजमाध्यमावर जाहीरपणे मांडली. तेवढं धाडस प्रत्येकाला जमणार नाही, आणि घरातल्या माणसांशी बोलायला त्याची गरजही नाही.

आणि घसरण. ती होते, अनेकदा होते. तेव्हा काय करायचं ते बाप शुद्धीवर असतानाच कागदावर लिहावं लागतं. त्या रात्री मुलं कोणाकडे जाणार, आत्याकडे की शेजारच्या काकूंकडे. गाडीची किल्ली कोणाकडे. बायकोने आधी कोणाला फोन करायचा: समुपदेशकाला, व्यसनमुक्तीच्या १४४४६ या मोफत हेल्पलाइनला की चोवीस तास चालणाऱ्या टेलिमानसच्या १४४१६ ला. माणूस उठत नसेल, ओठ निळे पडले असतील तर आधी १०८. बाप घरी परत कधी आणि कोणत्या अटीवर येणार, हेही त्यातच. आणि ते ठरवायचा हक्क आईचा, हे त्याने आधीच मान्य केलेलं असायला हवं. कागदाची एक प्रत समुपदेशकाच्या व्हॉट्सॲपवर जाते, दुसरी घरात, मोठ्या मुलाला ठाऊक असलेल्या जागी.