विकत घेतलेल्या जुन्या आंबा बागेचे पुनरुज्जीवन

नवी मुंबईत राहून पनवेल, उरण किंवा पेण तालुक्यात जमीन घेणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा हापूसची जुनी, दुर्लक्षित कलमे येतात. झाडे उंच, आत काळोख, फांद्यांवर बांडगुळे आणि मोहोर फक्त शेंड्याला. ती तोडून नवी लावा, असा सल्ला सहज मिळतो. तो मानण्याची घाई करू नये. अशी बहुतेक झाडे वयामुळे नव्हे, तर उजेडाअभावी फळत नाहीत. १० मीटर अंतरावरची कलमेही पुढे एकमेकांत शिरतात आणि ऊन वरच्या थरालाच मिळते.

करवत हाती घेण्यापूर्वी जुन्या मालकाकडे एक चौकशी अवश्य करावी. बाग कराराने दिली होती काय, आणि करारदाराने पॅक्लोब्युट्राझॉल (बाजारातील कल्टार) किती वर्षे घातले? खताशिवाय दरवर्षी हे संजीवक दिलेल्या झाडाची फूट आखूड व गुच्छासारखी राहते. अशा झाडाला वर्षभर खत देऊन मगच छाटणी करावी.

कायद्याची बाजूही पाहावी. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे आंबा मुळापासून तोडण्यास परवानगी लागते. जमीन पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत असेल (ही महानगरपालिका २०१६ मध्ये झाली), तर मोठ्या छाटणीपूर्वीही उद्यान विभागाकडे अर्ज करावा.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रथम बांडगुळे फांदीच्या तुकड्यासह काढावीत. नंतर मधली सरळ वाढलेली फांदी काढून झाड आतून मोकळे करावे व उंची सुमारे एक तृतीयांशाने कमी करावी. कोयत्याने घाव घालून फांदी पाडू नये, साल खोडापर्यंत सोलली जाते. आधी खालून थोडा छेद घ्यावा, मग वरून तिरका काप द्यावा. सगळी बाग एकाच वर्षी छाटू नये. एकाआड एक ओळ घेतल्यास थोडे उत्पन्न चालू राहते.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात मिसळावेत. पेस्टमध्ये बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर आला, तर चुना वाढवावा.

खरा शत्रू भिरूड. छाटलेल्या झाडाकडे तो हमखास येतो. खोडाशी भुसा दिसताच छिद्रातील अळी तारेने काढावी, शिफारशीचे कीटकनाशक आत सोडून छिद्र चिखलाने बंद करावे. दर पंधरवड्याने प्रत्येक बुंधा पाहावा, केवळ राखणदाराच्या शब्दावर राहू नये.

नवीन फूट दाट येते. प्रत्येक फांदीवर बाहेरच्या दिशेच्या चार-पाच जोमदार फुटी ठेवून बाकीच्या काढाव्यात. पावसाच्या सुरुवातीला पूर्ण वाढलेल्या झाडास ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, ०.५ किलो स्फुरद व १ किलो पालाश चरातून द्यावे. पहिले दोन हंगाम फळाची आशा धरू नये आणि घेर भरेपर्यंत कल्टारही घालू नये. बागेत एखादे रायवळ झाड असेल, तर त्याच्या नव्या फुटींवर हापूस किंवा रत्नाची कलमे बांधून घेता येतात.