वाटखर्च कोणी उचलायचा?

पुणतांब्याला आलं की चांगदेवांच्या समाधीइतकंच आम्हाला इथलं रेल्वे जंक्शन आठवतं. कुठेही जायचं म्हटलं तरी आधी तिकीट लागतं. आजचा विषय तेवढाच. युद्धकाळात अधिकारी होण्यासाठी स्वखुशीने समुद्रापार निघालेल्या तरुणाचा वाटखर्च कोण देतो, आणि त्याने काय फरक पडतो?

पहिलं महायुद्ध चालू असतानाच, १९१८ साली, इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. दहाच! बोटीचं भाडं, फी, कपडे हे सगळं बहुधा घरच्यांवर. दार उघडलं, पण शेतकऱ्याच्या पोराला तिथे अर्ज करावा असं सुचलंही नसेल. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात इच्छास्वातंत्र्य शिकवलं. परवडत नाही ते माणूस इच्छितच नाही, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. १९३२ साली देहरादूनची अकादमी सुरू झाली, तेव्हा कुठे ही बोट टळली.

आता दुसरं महायुद्ध. १९४३ साली सुभाषबाबूंनी सिंगापूरला हंगामी सरकार स्थापन केलं. ते चालायचं मुख्यतः पूर्व आशियातल्या हिंदी लोकांच्या वर्गणीवर. बायकांनी अंगावरचे दागिने दिले, मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांनी रोजातले पैसे दिले. (श्रीमंत व्यापाऱ्यांवर दबावही आला, ते लपवू नये.) या सरकारने पंचेचाळीस मुलं निवडून टोकियोला लष्करी आणि वैमानिकी शिक्षणासाठी धाडली. जहाजं जपान्यांची, पण मुलं कोणाच्या वतीने निघाली? आपल्याकडे ज्याला पंढरीला जाता येत नाही तो दिंडीला शिधा देतो, म्हणतो, माझाही नमस्कार सांग. तसंच काहीसं हे. बापाने भाडं दिलं तर मुलगा बापाचं देणं लागतो. इथे देणं होतं ते कधी न भेटलेल्या माणसांचं.

सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. शिकले सँडहर्स्टला आणि आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले.

१९४५ साली जपान शरण गेला, हंगामी सरकार विरलं. मळ्यावरच्या मजुराने पावती दाखवायची कोणाला? स्वतंत्र भारताच्या सैन्याने भोसल्यांसारख्यांना परत घेतलं नाही. ते पुढे पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. टोकियोच्या मुलांना मात्र नव्याने भरती होता आलं, कारण ती ब्रिटिशांच्या चाकरीत कधी नव्हतीच. त्यांतले रंगूनचे रमेश बेनेगल हवाई दलात गेले आणि १९७१च्या युद्धात महावीरचक्राचे मानकरी ठरले.