ताटी लागते तेव्हा

भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमधला पट्टा म्हणजे राहू बेट. ऊस, गुऱ्हाळं, आणि सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असलेली गावं. इथे कुणाच्या वडिलांना लाच किंवा पतसंस्थेतल्या अपहारापायी अटक झाली, तर गाडी यवतच्या पोलीस ठाण्यात पोचायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरू लागतो. घरातल्या मोबाइलवरच मूल तो बघतं. घरी मात्र कुणी काही बोलत नाही.

तुळापूरला भीमेत मिळालेलं इंद्रायणीचं पाणी या बेटाच्या कडेनेच पुढे जातं. हे पाणी आळंदीहून येतं, आणि बापावरचा ठपका मुलांनी सोसल्याची आपली एक जुनी गोष्टही तिथलीच आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा संसार मांडला म्हणून घर वाळीत पडलं. ठपका बापावर, आणि नाव पडलं मुलांना: संन्याशाची पोरं. परंपरा सांगते की आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी मुलांची मुंज अडलेलीच राहिली. शुद्धिपत्रासाठी पोरक्या भावंडांना पैठण गाठावं लागलं.

आज बापाला अटक झालेल्या मुलाच्या मनातही होतं ते असं. बापाची लाज ते स्वतःची समजतं. लहान मूल तर त्याच्याही पुढे जातं: मी त्या दिवशी हट्ट केला, म्हणून पप्पा गेले. घरातली कुजबुज आपण आलो की थांबते, यावरून दोष आपलाच असावा, असा हिशेब ते मांडतं. मग पोट दुखतं, शाळा नको होते, मोठा मुलगा मारामाऱ्या करतो, मुलगी एकदम शहाण्यासारखी वागू लागते. या शहाणपणाचीच मला जास्त काळजी वाटते. त्याचं सगळे कौतुक करतात आणि आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

म्हणून पहिलं काम बोलण्याचं, आणि ते घरच्याच माणसाने करायचं. ‘पप्पा कामाला मुंबईला गेलेत’ हे वाक्य पारापर्यंतसुद्धा टिकत नाही, आणि ते फुटलं की आईवरचा विश्वासही जातो. आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: ‘पप्पांनी पैशाचा गैरव्यवहार केला, असं पोलिसांचं म्हणणं आहे. खरं काय ते कोर्ट ठरवेल. यात तुझं काही चुकलेलं नाही. आणि पप्पांवर माया करायला तुला कुणाची परवानगी लागत नाही.’ मोठ्या मुलाला कायद्याची वाटही सांगावी. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. आरोपपत्राला गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवस लागू शकतात, त्या मुदतीत ते आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पुढे काय घडणार हे कळलं की भीतीला निदान कडा येतात.

दुसऱ्या दिवशी आईने, ती खचली असेल तर मामाने किंवा आत्याने, वर्गशिक्षकांना भेटावं. मुलाला शिक्षकाकडून टोमणे बसणं हा मानसिक छळ आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने त्याला बंदी आहे. शाळा बदलायचीच ठरली तर त्याच कायद्याप्रमाणे दाखला लगेच मिळायला हवा, आणि दाखला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पण शक्य असेल तर त्या वर्षी शाळा बदलू नये. घरातलं एवढं हललेलं असताना तोच बाक, तोच मित्र राहू द्यावा.

पैशाचं थोडक्यात: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत कौटुंबिक संकटातल्या, दुभंगलेल्या घरातल्या आणि जन्मठेपेच्या कैद्यांच्या मुलांना नातेवाइकांकडे वाढण्यासाठी मदत मिळते. 2023 पासून ती महिन्याला 2,250 रुपये आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, निर्णय बालकल्याण समिती देते. मूल एकटं पडलं असेल तर 1098 हा क्रमांक आहे.

आता भावंडांविषयी. अशा वेळी नातेवाईक मायेनेच पोरं वाटून घेतात: थोरला काकांकडे, धाकटी आजोळी. हे मला पटत नाही. आळंदीच्या त्याच भावंडांतला, अपमानाने दुखावलेला ज्ञानदेव ताटी, म्हणजे दार, लावून आत बसला, तेव्हा बाहेरून त्याला साद घालणारी बहीण मुक्ता त्याच घरची, तेच नाव सोसलेली, वयाने सगळ्यांत लहान होती. समजूत घालायला गावात मोठी माणसं असतीलही. ताटी उघडली ती तिच्या शब्दावर. राहूच्या घरातही रात्री दिवा मालवल्यावर थोरल्याला जे बोलायचं असतं, ते धाकटीशीच बोलता येतं. एक खोली कमी पडली तरी चालेल, त्यांना एकत्र ठेवा.

आणि ‘पप्पा कधी येणार’ हा प्रश्न रोज येईल. खोटा वायदा करू नये. ‘पुढची तारीख सोमवारी आहे, त्या दिवशी संध्याकाळी सांगते’ असं म्हणावं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या सोमवारी मुलालाच खूण करू द्यावी, आणि कोर्टात नुसती पुढची तारीख पडली असली तरी त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसून ते सांगावं.