निकालानंतरची प्रार्थना

"काय गं बाई, तुझ्या देवानं ऐकलं न्हाई व्हय?"

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले, तेव्हा शेजारच्या मावशींनी विचारलं. त्यात कुचकेपणा नव्हता, कळवळाच होता. पण मला उत्तर सुचेना. मुकाट्यानं पिशवी घेऊन घरी आले.

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. आमच्या प्रभागावरही ती पाळी आली आणि आमच्या बचत गटातली एक मैत्रीण अपक्ष उभी राहिली. मुद्दा साधाच. मंडईजवळच्या स्वच्छतागृहाला ना धड दार, ना दिवा. भाजी विकणाऱ्या बायका त्यापायी दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. आम्ही पंधरा-वीस जणी उन्हातान्हात दारोदार फिरलो.

मी ख्रिस्ती. आमच्या मंडळीतल्या काहींना माझं हे फिरणं रुचलं नाही. "आपण मूठभर माणसं. सगळी सत्ता प्रभूच्या हातात आहे. आपण प्रार्थना करावी, राजकारणात कशाला पडायचं?" एका वडीलधाऱ्यांनी प्रेमानं समजावलं. मी प्रार्थना केली, प्रचारही केला. आणि मैत्रीण हरली!

पुढचे आठ दिवस मी मंडईकडे फिरकले नाही. सत्ता देवाच्या हातात, तर मग त्यानं असं का केलं? रुसवा होता माझा, थेट देवावरच. मग मावशींकडूनच कळलं, निवडून आलेल्या बाईंनीही अंबाबाईची ओटी भरली होती. मला हसूच आलं. म्हणजे देवाला आम्ही सगळ्यांनी मतमोजणीच्या टेबलावरच बसवलं होतं की!

त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा हाती घेतलं. १८८९ मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा मोजक्या स्त्री-प्रतिनिधींमध्ये त्या होत्या. १८९३ मध्ये पुण्यात शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी काम सोडलं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वर्तमानपत्रात उघड टीका केली. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

इथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राज्य देवाचं आहे असं मानायचं, तर कुठल्याच राज्यकर्त्याला देव मानायचं नाही. आपल्या माणसालासुद्धा नाही. आणि निवडणुकीचा निकाल म्हणजे देवाचा शेवटचा शब्द, असंही समजायचं नाही. विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. आपलं काम चोख करायचं आणि फळाची चिंता त्याच्यावर सोपवायची.

पौलानं आपल्या पत्रात सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. त्या वेळचे रोमचे सत्ताधारी काही ख्रिस्ती नव्हते! रविवारच्या उपासनेत हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्या रविवारी पहिल्यांदा, आम्हाला हरवणाऱ्या बाईंचं नाव घेऊन मी प्रार्थना केली. खरं सांगते, जिभेवर यायला वेळ लागला.

प्रार्थना केल्यावर घरी कसं बसवणार? सोमवारी मैत्रिणीला घेऊन त्यांच्या दारात गेले. मैत्रीण आधी तयारच होईना. "हरलेल्यांनी कुठल्या तोंडानं जायचं?" म्हणाली. त्या बाईही जरा बिचकल्याच. पण चहा झाला, बोलणं झालं, आणि आमच्याबरोबर त्या मंडईत आल्या. भाजीवाल्या बायकांनी आपलं दुखणं त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

दोन महिन्यांनी दार बसलं. दिव्यासाठी मात्र आणखी तीन अर्ज करावे लागले. आमची मतं आजही जुळत नाहीत आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा मैत्रिणीचाच प्रचार करणार, हेही त्यांना ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, तुमचा देव कुठलाही असो. निवडणूक झाली की हरलेल्या घरात रुसवा आणि जिंकलेल्या घरात गुर्मी येतेच. दोन्हींवर औषध एकच, सत्ता आपली नाही हे ओळखणं.

मावशींना मी उशिरा का होईना, उत्तर दिलं. "मावशी, देवानं ऐकलं हो. फक्त मी सांगितलं तसं नाही केलं."

"मग माझ्या नवऱ्यावानीच हाय की तुझा देव!" म्हणत मावशी खळखळून हसल्या.