शाब्दिक उदाहरणातून सूत्र : चार गैरसमज

वसईच्या पट्ट्यात केळी डझनाने मोजली जातात, रिक्षाचं भाडं किलोमीटरने आणि स्टॉलचा नफा विक्रीवर. एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते, हे सांगणारा नियम म्हणजे फलन. वसईजवळच्या निर्मळ गावातला असा रोजचा हिशेब तोंडी बिनचूक होतो. तोच वहीत सूत्र म्हणून मांडताना मात्र काही ठरावीक चुका होतात.

गैरसमज : ‘जास्त’ म्हणजे बेरीज, ‘कमी’ म्हणजे वजाबाकी.
वस्तुस्थिती : एका वाडीत केळीचे ६० घड निघाले, ते शेजारच्या वाडीपेक्षा १५ने जास्त आहेत. शेजारी किती? ‘जास्त’ दिसताच बेरीज करणारा ७५ सांगतो. उत्तर ४५ आहे. शेजारचे घड क्ष मानले, तर या वाडीतले क्ष + १५. कोण कोणापेक्षा जास्त, हे ठरल्याशिवाय चिन्ह ठरत नाही.

गैरसमज : अक्षर म्हणजे वस्तूचं आद्याक्षर.
वस्तुस्थिती : ‘एका डझनात १२ केळी’ हे वाचून बरेच जण १२क = ड असं लिहितात, कारण १२ आणि केळी वाक्यात शेजारी असतात. पण क ही केळ्यांची संख्या आणि ड ही डझनांची. दोन डझन घेऊन पाहा : केळी २४, म्हणजे क = १२ड.

ही चूक फक्त शाळकरी मुलांची नाही. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ या वाक्याचं समीकरण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या सुमारे ३७ टक्के विद्यार्थ्यांनी चुकवलं. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी सहाचा आकडा उलट बाजूला लावला होता.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ लिहिलं, त्यात अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत. यातली काळा, निळा, पिवळा ही रंगांची नावं उदाहरणातल्या वस्तूंची नव्हेत, संख्यांची आहेत.

गैरसमज : दिलेले सगळे आकडे सरळ जोडले की नियम तयार.
वस्तुस्थिती : मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. अंतर क्ष किलोमीटर मानून घाईत लिहिलं जातं : भाडं = २६ + १७.१४क्ष. पण त्या २६ रुपयांत पहिले दीड किलोमीटर येतात. म्हणून दीडच्या पुढच्या अंतरासाठी

भाडं = २६ + १७.१४ (क्ष − १.५)

मीटरने ३ किलोमीटर गेल्यास ५१.७१, म्हणजे ५२ रुपये होतात. घाईचं सूत्र ७७ मागतं! दीड किलोमीटरच्या आत भाडं २६च राहतं, म्हणजे या फलनाला दोन तुकडे आहेत आणि दोन्ही लिहावे लागतात.

गैरसमज : सूत्र मिळालं की क्षच्या जागी काहीही घालता येतं.
वस्तुस्थिती : समजा, निर्मळच्या कार्तिकातल्या यात्रेत कुणी सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, स्टॉल लावला. जागेचं भाडं १,२०० रुपये, एका पाकिटामागे सुटतात ४० रुपये. विकलेली पाकिटं क्ष मानली, तर नफा = ४०क्ष − १,२००. क्ष शून्य असला तर उत्तर उणे १,२००. हा तोटा खरा आहे. पण क्ष उणे असू शकत नाही, साडेबाराही नाही, आणि आणलेल्या मालापेक्षा मोठाही नाही. १०० पाकिटं आणली असतील, तर सूत्रासोबत ‘क्ष ही ० ते १०० मधली पूर्ण संख्या’ हेही लिहायचं. तिसाव्या पाकिटाला भाडं फिटतं. सगळी १०० खपली, तर हातात २,८०० रुपये राहतात.