विद्यापीठ गेटपाशी थांबू नका, आत या!

दरवर्षी १४ जानेवारी आली की छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, विद्यापीठ गेटवर जनसागर लोटतो. गावोगावची माणसे येतात, लेकुरवाळ्या बाया येतात, काठी टेकीत म्हातारी माणसे येतात. गेटला वंदन करतात, पुस्तकांच्या दुकानांवरून दोन-चार पुस्तके घेतात, मुलाबाळांसह फोटो काढतात आणि परतीची एस.टी. धरतात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे कशी गेली हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. कुणाची घरे जळाली, कुणी तुरुंगात गेले, कुणी जिवाला मुकले. त्या नावाखाली उभे राहताना ऊर भरून येतो तो म्हणूनच.

परंतु आम्हाला राहून राहून एक प्रश्न पडतो. गेटपर्यंत आलेल्या घरांपैकी किती घरांतील मुलेमुली गेटच्या आत, वर्गात जाऊन बसली?

हा प्रश्न मनात असतानाच जूनमधील एका कामाच्या दिवशी आम्ही तेथे गेलो. त्या दिवशी गर्दी नव्हती. गेटजवळच्या झाडाखाली आई, वडील आणि मुलगी असे तिघे बसले होते. मुलीच्या मांडीवर कागदपत्रांची पिशवी. आम्ही जयभीम केला, विचारपूस केली. कुटुंब बीड जिल्ह्यातील. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई रोजाने शेतात जाते. मुलगी नुकतीच बी.ए. झालेली, त्यांच्या घराण्यातील पहिली पदवीधर.

आई म्हणाली, "दादा, पोरगी म्हणती अजून दोन वर्षं शिकायचं. एवढं शिकून काय हुतंय, तुम्हीच सांगा. तिची मावशी स्थळ घिऊन बसलीय."

वडील म्हणाले, "लग्नाचं पुढं बघू, भाऊ. पर दोन वर्षाचा खर्च कुठून आणू?"

मुलगी काहीच बोलली नाही. पिशवीचे बंद घट्ट धरून बसली होती. आम्ही त्या तिघांबरोबर आत गेलो. तेथे जे पाहिले, विचारले आणि समजून घेतले, ते सर्व मायबापांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

दोन वर्षे कशाची?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. ही झाली पदवी. त्यापुढचे एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. हे पदव्युत्तर शिक्षण. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांना ते दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची केली असेल तर पदव्युत्तर एका वर्षात करता येते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर बाहेर पडावे लागले तर ते वर्ष फुकट जात नाही. उत्तीर्ण झाल्यास पदव्युत्तर पदविका मिळते. अडीअडचणीच्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. त्याआधी मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. तशा काळात, १९५० साली, बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले; तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. आत गेल्यावर रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, मानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, वृत्तपत्रविद्या, ग्रंथालयशास्त्र, नाट्यशास्त्र, पाली व बौद्ध धम्म असे विभागामागून विभाग लागतात. मुलीची आई म्हणाली, "आगं बया, एवढं मोठं गाव हाय का हे?"

विषय कसा निवडावा?

मुलीने इतिहास ठरविला होता. का, तर तिच्या मैत्रिणीने तोच घेतला होता. एका विभागातील प्राध्यापक बाईंनी तिला जवळ बसविले आणि विचारले, "बाळ, तुला व्हायचंय काय?" मुलगी प्रथमच मोकळी झाली. आईचे रोजगार हमीचे जॉबकार्ड दोन वर्षे अडले होते. दर खेपेला कार्यालयातून एकच उत्तर मिळे, उद्या या. ती म्हणाली, "ते काम नेमकं कुठं अडतं, कोण अडवतं, ते मला शिकायचंय." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुझा विषय लोकप्रशासन."

सांगावयाचे तात्पर्य असे की, मैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेऊ नये. वसतिगृहाची खोली टिकावी किंवा भरतीची वाट पाहता पाहता दोन वर्षे निघावीत, एवढ्यासाठी तर प्रवेश मुळीच घेऊ नये. त्या विषयाची वाट कोठे जाते ते आधी पाहावे. मानसशास्त्र घेतले तर समुपदेशनाकडे जाता येते. समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. घेणाऱ्यांना संस्थांत आणि शासनाच्या योजनांत काम असते. ग्रंथालयशास्त्र शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांकडे नेते. राज्यशास्त्र, लोकप्रशासन आणि अर्थशास्त्र स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जोड देतात. ज्याला महाविद्यालयात शिकवावयाचे आहे त्याने आपला सर्वांत आवडता विषय घ्यावा, कारण त्या विषयाशी जन्माची गाठ पडते. एम.बी.ए., एम.सी.ए. यांसारख्या अभ्यासक्रमांसाठी मात्र राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. तिचे अर्ज पदवीचा निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी निघतात. निकालानंतर जागे होणाऱ्यांचे वर्ष जाते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक एम.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात पुन्हा एम.ए. केले तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून पहिलाच विषय विचार करून घ्यावा.

खर्चाचे काय?

वडिलांचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तरही आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिच्यात शुल्क आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे फ्रीशिप, आहे. दोहोंचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरतात. काही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येते. त्यातील शुल्काचा भाग संस्थेत भरावयाचा असतो. सणासुदीला तो पैसा मोडला की परीक्षेच्या वेळी डोळ्यांत पाणी येते.

राहण्यासाठी समाजकल्याण खात्याची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश मिळाला नाही तर २०१६-१७ साली सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाहासाठी खात्यावर रक्कम जमा होते. किती ते शहराप्रमाणे ठरते. मात्र विद्यार्थी त्याच शहरातील रहिवासी असता कामा नये, आणि मागील परीक्षेतील गुणांची अटही असते. विद्यापीठात कमवा व शिका योजनाही आहे. रोज काही तास काम करून मुले आपला किरकोळ खर्च भागवितात.

मात्र खोटी आशा दाखविणे आम्हाला बरे वाटत नाही. शिष्यवृत्तीचा पैसा पुष्कळदा उशिरा येतो. पहिल्या तीन-चार महिन्यांची तजवीज घरातूनच करावी लागते. लग्नकार्यासाठी भिशी लावतो, तशीच भिशी मुलीच्या पहिल्या सत्रासाठी का लावू नये?

कागद आधी, प्रवेश नंतर

त्या दिवशी मुलीची गाडी अडली ती कागदापाशीच. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा निघाला. जातवैधतेचा अर्ज केलेलाच नव्हता. अशी पाळी येऊ नये म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच पुढील कागद एका पिशवीत जमवावेत: दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते. शिक्षणात खंड पडला असेल तर तसे प्रतिज्ञापत्र लागते.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागांसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वडील, आजोबा किंवा पणजोबा यांच्या जातीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला, गावनमुना, जुनी नोंद जे मिळेल ते आजच शोधून ठेवावे. घरात एकाला वैधता मिळाली की बाकीच्यांची वाट सोपी होते. दुसरे असे की, बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यावर मूळ अनुसूचित जातीची नोंद असावी लागते. शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध" लिहिले असेल तर पुढे काय करावे हे तहसील कार्यालयात वेळीच विचारावे.

एम.ए.च्या पुढे

ज्यांना प्राध्यापक व्हावयाचे आहे त्यांच्यासाठी नेट आणि सेट या परीक्षा आहेत. त्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना ५० टक्के चालतात. नेट परीक्षेला एम.ए.च्या शेवटच्या वर्षातही बसता येते. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे.आर.एफ., मिळाली तर संशोधन करताना पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. हा दर २०२३ पासूनचा आहे. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जावयाचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. हमालाच्या मुलीने लंडनचे नाव काढले तर हसू नये. वाट अवघड आहे, पण आहे.

ज्यांना घर सोडणे शक्य नाही, किंवा कारखान्याची पाळी करून शिकावे लागते, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आहे. लग्न झालेल्या, मुले झालेल्या भगिनींनाही तेथून एम.ए. करता येते.

शिक्षण मोडले तरी संपत नाही

पुष्कळ घरांत म्हणतात, आमचे मध्येच सुटले, आता काय उपयोग? त्यांनी बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन आठवावे. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली एम.ए. झाले. लंडनला पुढचा अभ्यास सुरू असताना मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अर्ध्यावर परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी नोकरी केली, पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य झाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. तीन वर्षांचा खंड पडला म्हणून त्यांनी पुस्तक मिटले नाही.

आम्ही ही गोष्ट त्या झाडाखाली परत आल्यावर मुलीच्या वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नामांतराच्या मोर्चात मी बारक्या वयात आलो व्हतो. याच गेटवर. तवा आत काय असतं ते ठावं नव्हतं." आई पिशवीतले कागद पुन्हा नीट लावीत होती. ती मुलीला म्हणाली, "चल, उद्या तहसीलला जाऊ. मावशीला मी सांगते काय सांगायचं ते."

आठ दिवसांनी नव्या दाखल्यासह मुलीचा प्रवेश झाल्याचा निरोप आम्हाला मिळाला. जातवैधतेचा अर्जही तिने केला. लग्नाचे पुढे काय झाले ते आम्ही विचारले नाही.

मायबापहो, येत्या १४ जानेवारीला गेटवर अवश्य या, फोटो काढा, लेकराला नामांतराची कथा सांगा. त्या दिवशी विभाग बंद असतात. म्हणून त्यानंतर एखाद्या कामाच्या दिवशी, घरातील पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलीला घेऊन पुन्हा या. एक दिवसाची मजुरी बुडेल. पण विभागाच्या दारात उभे राहून "आमच्या पोरीला इथं शिकायचंय" एवढे एक वाक्य बोला. पुढची वाट तेथूनच सुरू होते.

जयभीम!